वऱ्हाडासाठी पहिला वर्ग

बदलापूरच्या कमळाकर डेकोरेटरने छाती ठोकून सांगितलं होतं, "हरिचंद्रशेठ, नुसता मांडव नाही, स्टेशन उभं करतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. वऱ्हाड तोंडात बोटं घालेल."

हरिचंद्र रेल्वेतून निवृत्त झालेला. मुलीच्या लग्नात स्टेशनाचा देखावा ही त्याचीच हौस. चामटोलीच्या मोकळ्या शेतात कमळाकरने थर्माकोल आणि प्लायवूडचं स्टेशन उभारलं. दगडी वाटाव्यात अशा कमानी, घड्याळाचा मनोरा, तिकीटखिडकीत अत्तर-गुलाब, उपाहारगृहात जेवण. जुने फोटो बघून त्याने रचनाही अस्सल ठेवली. म्हणजे पहिल्या वर्गाचं प्रतीक्षालय गोंगाटापासून लांब, आत, चारी बाजूंनी बंद. तिसऱ्या वर्गाचं बाहेर, उघड्या व्हरांड्यात. दोन्हीकडे ठसठशीत पाट्या.

अंबरनाथहून वऱ्हाड आलं. कमळाकरने त्यांना मोठ्या मानाने पहिल्या वर्गात नेलं, मखमली खुर्च्यांवर बसवलं. मुलीकडची मंडळी व्हरांड्यात.

थोड्याच वेळात पहिला वर्ग भट्टीसारखा तापला. आत पंखा नव्हता, कारण जुन्या फोटोत पंखा नव्हता. नवरदेवाची आत्या मोतीबाई पदराने वारा घेत बाहेर आली आणि व्हरांड्यात ऐसपैस बसली. तिच्या नातीने, जिज्ञासाने, तिचा फोटो काढून तिला दाखवला. मोतीबाईच्या डोक्यावर पाटी: तिसरा वर्ग.

"आमी काय तिसऱ्या वर्गाचे?" मोतीबाई ताडकन उठली. "वऱ्हाड परत नेते."

"मावशी, पाटी चुकून लागलीय," म्हणत कमळाकर स्टुलावर चढला आणि दोन्ही पाट्यांची अदलाबदल करून आला. मोतीबाई उभ्या जागी पहिल्या वर्गात आली. तिचा चेहरा खुलला. कमळाकरने घाम पुसला.

तेवढ्यात नवरदेवाचे वडील धर्मराज मोकळ्या हवेसाठी आतल्या खोलीतून बाहेर आले. दारावर बघतात तर तिसरा वर्ग. उरलेलं वऱ्हाड त्यांच्या मागोमाग बाहेर.

"मघाशी तर पहिला होता," धर्मराज म्हणाले. "बसल्या बसल्या आम्ही असं केलं तरी काय?"

कमळाकर पुन्हा स्टुलावर चढला आणि दारावरची पाटी जोरात ओढली. पाटी आली, पण भिंत घेऊन आली. मग शेजारची भिंत, मग कमान. मूळचा पहिला वर्ग उभाच्या उभा आडवा झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण दोन्हीकडच्या डोक्यांवर थर्माकोलचे पांढरे दाणे पडले, मुहूर्ताआधीच अक्षता टाकल्यासारखे.

हरिचंद्र हात जोडून पुढे आला. "व्याही, आता वर्गच राहिला नाही. या, इथंच बसा, बाहेर वारा चांगलाय."

धर्मराजांनी रागावून बघायचा प्रयत्न केला, पण वाऱ्याची झुळूक आली आणि ते हसले. लग्न व्हरांड्यातच लागलं, दोन्ही घरची माणसं मांडीला मांडी लावून बसली.

निघताना मोतीबाईने कमळाकरला बोलावलं. "माघात जिज्ञासाचा साखरपुडा हाय. तूच ये."

कमळाकर लगेच फुलला. "मावशी, विमानतळ करू?"

"नको रे बाबा. साधा एसटी स्टँड कर. तिथं सगळे एकाच बाकड्यावर बसतात."