टाच टेकेपर्यंत

सिग्नल लाल झाला, मोटारसायकल थांबली आणि मिलिमीटर हळूहळू डावीकडे कलायला लागले.

"अहो, आपण वळतोय का?" मागून बायकोनं विचारलं.

"नाही," मिलिमीटर म्हणाले, "पडतोय."

आणि दोघं पडले. धाडकन नव्हे; जड कपाट चार माणसांनी जपून आडवं करावं, तसे सावकाश. बायकोला पर्स काखेत घट्ट धरायलाही वेळ मिळाला. लागलं कोणालाच नाही. पण मागे-पुढे गाड्याच गाड्या, प्रत्येक गाडीत माणसं, आणि सिग्नल सुटायला अजून अठ्ठावन्न सेकंद. एवढा निवांत प्रेक्षकवर्ग नाटकवाल्यांनाही मिळत नाही.

वाहतूक पोलीस आला. "काय झालं?"

"पाय पोहोचला नाही."

"पाय पोहोचत नाही तर एवढी उंच गाडी घेतली कशाला?"

"घेतली नाही हो, मिळाली," मिलिमीटर आडव्या अवस्थेतच म्हणाले.

ते खरंच होतं. गाडी त्यांच्या मेहुण्याची. मेहुणा सहा फूट एक इंच. त्याची बदली लांब झाली, तेव्हा 'दाजी, वापरा बिनधास्त' असं म्हणून तो किल्ली हातात ठेवून गेला. दाजी पाच फूट दोन इंच आहेत, हे त्या भल्या माणसाच्या वरून कधी लक्षातच आलं नव्हतं.

मिलिमीटर एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात आरेखक होते, म्हणजे इमारतींचे नकाशे काढायचे. त्यांच्या नकाशात मिलिमीटरची चूक सापडत नसे, म्हणून ऑफिसात त्यांना ते नाव पडलं. निदान ते स्वतः तरी हेच कारण मानत. दुसरं कारण कुणाला विचारायच्या फंदात ते पडले नव्हते.

त्या संध्याकाळी त्यांनी टेप काढला. गाडीवर बसले आणि बायकोला टाचेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायला लावलं.

"चवडे जेमतेम लागतात. टाच साडेसात सेंटिमीटर वर," बायको म्हणाली. तिचा शिलाईचा व्यवसाय होता, टेप तिच्याही हातात शोभायचा. "चार सेंटिमीटरनं सीट खाली आली, तर पाय नीट रोवता येईल."

मेहुण्याला फोन लावला. तो म्हणाला, "पाय टेकवायला काय करायचं असतं, दाजी? ते टेकलेलेच असतात ना?"

"मी आता चालतच जातो," मिलिमीटर फोन ठेवून म्हणाले.

चालतच गेलेही असते. पण सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेबांची कार गॅरेजला पडली होती आणि शुक्रवारी सकाळी दहाला शहराबाहेरच्या दवाखान्याच्या साइटवर डॉक्टरीणबाई येणार होत्या. बाईंना उशीर खपत नसे.

"तुमच्याकडे मोटारसायकल आलीय म्हणे," साहेब म्हणाले. "शुक्रवारी आपण दोघं तिच्यावरूनच जाऊ. मुख्य आरेखकाची जागा भरायचीय. त्या माणसाला साइटवर हिंडावं लागणार. तुम्हाला जमतं का, तेही कळेल."

त्या जागेकडे मिलिमीटर अकरा वर्षं डोळे लावून बसले होते. साहेबांचं वजन एकशे दहा किलो होतं. या दोन्ही गोष्टींचा एकदम विचार करत त्यांनी "हो साहेब" म्हटलं.

मंगळवारी ते सीट शिवणाऱ्या काकांकडे गेले. काकांनी सीट मांडीवर घेतली, दाबली, थोपटली.

"किती काढू?"

"चार सेंटिमीटर."

"ते मला कळत नाही. बोटात सांगा."

मिलिमीटरांनी स्वतःची बोटं मोजली. "अडीच."

काकांनी अडीच बोटं फोम काढला, पण स्वतःच्या बोटांनी. आणि काकांची बोटं म्हणजे नुसती केळी होती. पुढच्या सीटचा खड्डा झाला. मागची सीट मात्र होती तशीच, त्यामुळे पाठीमागे एखादं धरण उभं राहिल्यासारखं वाटायचं. तेही चाललं असतं. पण सीट खोल गेली तशी रुंदही झाली. मांड्या फाकल्या आणि पाय होते तिथेच लोंबकळत राहिले.

"किती फरक पडला?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

बायकोनं टेप लावला. "एक सेंटिमीटर. आणि अहो, मी आता कुठे बसू? हे तर माडीवर चढल्यासारखं झालंय!"

बुधवारी मिस्त्री. मिस्त्री म्हणाला, "सीटला कशाला हात लावला? मागचे शॉकॲब्झॉर्बर खाली घेऊ, सगळी गाडीच बसवू." या वेळी मिलिमीटर शेजारी उभे राहिले, टेप हातात धरून, आणि मिस्त्रीच्या बोटांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तासाभरात गाडी खाली बसली. मिलिमीटर तिच्यावर बसले. दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. त्यांना इतका आनंद झाला, की घरी येताना वाटेतला एक सिग्नल हिरवा होता तरी ते थांबले.

गुरुवारी सकाळी दार वाजलं. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका उभ्या होत्या.

"तुमची गाडी माझ्या गुलाबात झोपलीय," त्या म्हणाल्या.

गाडी खाली आली, पण तिचा साइडस्टँड पूर्वीइतकाच लांब राहिला होता. डावीकडे रेलून उभं राहण्याऐवजी ती रात्रभर ताठ उभी होती, आणि पहाटे कधीतरी वाऱ्यानं म्हणा, कंटाळून म्हणा, उजवीकडे गेली होती. तीन कुंड्या फुटल्या होत्या.

"भरून देतो बाई."

"कुंड्या द्याल. त्या कळीला सहा महिने लागले होते, ते कुठून द्याल?" बाई म्हणाल्या. शाळेत असते तर मिलिमीटर बाकावर उभे राहिले असते.

संध्याकाळी वेल्डरनं स्टँड कापला. जरा जास्तच कापला. आता गाडी उभी केली, की शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगायला वाकल्यासारखी दिसायची. बायकोनं लाकडाचा एक ठोकळा शोधला, त्याला दोरी बांधली आणि म्हणाली, "गाडी लावताना हा खाली सारायचा. निघताना उचलायचा. पँटची लांबी कमी करणं किती सोपं असतं, नाही?"

शुक्रवारी साडेनऊला साहेब आपल्या घरून खाली आले. त्यांनी गाडीकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं, आणि बागेच्या कठड्यावर पाय देऊन मागे बसले. गाडीनं एक लांब सुस्कारा सोडला. खड्ड्यात मिलिमीटर आणि माडीवर साहेब. साहेबांचं पोट मिलिमीटरांच्या हेल्मेटला मागून टेकलं.

"दिसतंय ना तुम्हाला पुढचं?" साहेबांनी वरून विचारलं.

"हो साहेब. तुम्हाला?"

"मला तर बसच्या टपावरचंही दिसतंय!"

पहिला सिग्नल लागला. मिलिमीटर थांबले. दोन्ही पाय अख्खे टेकले, गुडघे वाकूनही उरले. घरच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटलं. त्यांनी मनातल्या मनात मिस्त्रीला दुवा दिला.

दुवा पुढच्या गतिरोधकापर्यंत टिकला. पुढचं चाक पार झालं आणि खर्रर्र आवाज करत गाडीचं पोट उंचवट्यावर टेकलं. मागचं चाक अलीकडे, पुढचं पलीकडे, आणि गाडी मधोमध बसलेली. मागे भोंगे सुरू झाले.

"काय झालं?"

"साहेब... जरा उतराल का?"

साहेब उतरले. गाडी स्प्रिंगसारखी वर आली, अलगद पलीकडे गेली. साहेब चालत पलीकडे आले आणि पुन्हा चढले. पण इथं कठडा नव्हता, म्हणून एका फळवाल्यानं त्यांना खालून आधार दिला. साइटपर्यंत एकूण सात गतिरोधक होते. प्रत्येक ठिकाणी साहेब उतरले, चालले, चढले. कुठे पायरी सापडली, कुठे दगड, एका ठिकाणी शाळेच्या शिपायानं स्टूलच आणून दिलं. सहाव्या गतिरोधकानंतर वरून साहेबांचा मधूनमधून फक्त "हं" असा आवाज यायचा, आणि त्या प्रत्येक 'हं'बरोबर मुख्य आरेखकाची खुर्ची मिलिमीटरांपासून एकेक हात लांब जायची.

सातव्याला उतरलेले साहेब परत चढलेच नाहीत. घाम पुसत सरळ साइटकडे चालू लागले. मिलिमीटर गाडी रेटत मागोमाग. डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत फाटकात उभ्या होत्या. बावीस मिनिटं उशीर झाला होता.

"माफ करा," साहेब म्हणाले. "रस्ता नीट बघत आलो."

काम आटोपलं. बाई गेल्या. साहेब सिमेंटच्या पोत्यावर बसले आणि त्यांनी मिलिमीटरांना समोर बोलावलं.

"ही सीट कुणी केली?"

"साहेब, चूक झाली. उद्याच पूर्ववत करून घेतो. शॉकॲब्झॉर्बर, स्टँड, सगळं."

"सीटला हात लावायचा नाही!" साहेब कडाडले. "अहो, वीस वर्षं मी कारमधून हिंडतोय. पुढच्या गाडीच्या पाठीशिवाय काही दिसलं नाही. आज येताना आपल्याच तीन इमारती नीट पाहिल्या. एकीचा सज्जा वाकडा, दुसरीचे सांडपाण्याचे पाइप पुढच्या भिंतीवर, तिसरीच्या कुंपणाआडच्या पाण्याच्या टाकीला झाकण नाही! कंत्राटदारांनी आपल्याला चक्क गंडवलंय."

"नकाशात सगळं बरोबर होतं, साहेब."

"ते मला माहीत आहे. म्हणून तर सोमवारपासून तुम्ही मुख्य आरेखक." मिलिमीटरांच्या तोंडून शब्द फुटायच्या आत साहेब पुढे म्हणाले, "रोज साडेनऊला मला घरून घ्यायचं. एकेक करून सगळ्या इमारती बघून टाकू. कार मी विकतोय."

संध्याकाळी बायकोनं दार उघडलं. "काय झालं?"

"बढती मिळाली."

"अय्या! मग चेहरा असा का पडलाय?"

मिलिमीटर खुर्चीत बसले. बूट काढले. दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवले.

"तुझ्याकडे जाड फोम आहे का गं?" त्यांनी विचारलं. "साहेबांना पाचव्या मजल्याच्या खिडक्या नीट दिसत नाहीयेत."