मंजुरीकडे जाणारा बाण

नकार देणारे यंत्र बिघडलेले असू शकत नाही, हे सरकारी कामकाजातले पहिले सत्य आहे. बिघाडाचा संशय यायचा तो होकार आला तरच.

याचा भक्कम पुरावा म्हणजे रोसारियो शहरातले श्रवणयंत्र वाटप मंडळ. कमी ऐकू येणाऱ्या नागरिकांना कानाची यंत्रे फुकट द्यायची, एवढेच त्याचे काम. अकरा वर्षांत २३,३१८ अर्ज आले आणि मंडळाच्या हातून एकही यंत्र चुकीच्या माणसाला गेले नाही. (बरोबर माणसालाही गेले नाही, पण अहवालात तसा रकाना नाही.) निर्णय संगणकातला प्रोग्राम घेई. त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या मनाला टोचणी नसे.

त्या वर्षी वरून फर्मान आले: प्रत्येक मंडळाने आपली निर्णयपद्धत आकृती काढून दर्शनी भागात लावावी. इथे पंचाईत झाली. प्रोग्राम लिहिणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि मूळ लिखाण तिच्याबरोबर गडप झाले होते. उरला होता तो फक्त यंत्राला कळणारा आकड्यांचा लगदा. पीठ बघून गहू कसा होता ते सांगणारे माणूस हवे होते. म्हणून नोएमी बासुआल्दोला बोलावले.

नोएमीचा धंदाच तो. प्रोग्राम जिथवर न वळता सरळ चालतो, तो एक चौकोन. जिथे फाटा फुटतो, तिथून बाण. सहा आठवडे ती 'माते' नावाच्या तिकडच्या कडू चहाचा थर्मास शेजारी ठेवून चौकोन काढत राहिली. ८४६ झाले. काही ठिकाणी पुढे कुठे उडी मारायची, हे प्रोग्राम आयत्या वेळी ठरवी (साहेब जेवून आले की बघू, यातलाच प्रकार). त्या उड्या तिने एकेक करून हाताने तपासल्या.

बाहेरच्या बाकावर दर मंगळवारी कासिमिरो वेर्गारा बसलेले असत. वय एक्क्याऐंशी, धंदा बांदोनेऑन या भात्याच्या वाजवायच्या पेटीच्या दुरुस्तीचा. वाद्य सुरात लागले की नाही, हे ते आता पेटीवर बोटे टेकवून ओळखत.

"पोरी, माझं काय झालं?" ते ओरडून विचारत.

"बघते, काका, बघते!"

"बुधवारी? बरं, बुधवारी येतो." आणि ते बुधवारीही येत.

सातव्या आठवड्यात चित्र पुरे झाले. प्रोग्राम अर्जदाराला फोन करी. त्याने उचलला तर: घंटा ऐकू येते, नामंजूर. नाही उचलला तर: संपर्क होत नाही, नामंजूर. 'मंजूर' असाही एक चौकोन होता. चांगला ऐसपैस होता, अभिनंदनाचे पत्रसुद्धा छापायची त्यात सोय होती. त्याच्याकडे जाणारा बाण मात्र एकही नव्हता. आपलीच चूक असेल म्हणून नोएमीने आणखी तीन दिवस शोधले. मग थर्मास आपटला.

संचालक बेल्त्रामे चित्र पाहून हरखले. "वा! काय सुबक काम आहे, बाई! हा कोपऱ्यातला एकटाच का?"

"तो मंजुरीचा, साहेब. तिथे कुणी पोचतच नाही."

"म्हणजे गर्दी नाही. उत्तम."

"अहो, बहिऱ्या माणसांना फोन काय करता?"

"मग बहिरा कोण, ते कळायचं कसं?"

त्या संध्याकाळी नोएमीने कुणालाही न विचारता पाच आकडे बदलले आणि एक बाण वळवला: फोन न उचलल्यास मंजूर.

सोमवारी २१४ पत्रे गेली. त्यात कासिमिरोकाकांचे होते.

आठवडाभरात १,९०६ तक्रारी आल्या. एकही कर्मचाऱ्याची नव्हती, सगळ्या नागरिकांच्या होत्या. आम्ही नऊ वर्षे खेटे घातले, यांना एका दिवसात कसे? समोरची बाई बहिरी नाही, फक्त माझ्याशी बोलत नाही, कृपया पडताळावे. यंत्र मिळालेल्यांपैकी एकतीस जणांनी तर स्वतःच लिहिले, की काहीतरी गफलत झालेली दिसते, फेरतपासणी व्हावी. मंडळाने लोकभावनेचा मान राखून जुना प्रोग्राम पुन्हा बसवला. नोएमीची नेमणूक संपली. चित्र काचेत मढवले गेले आणि ते सर्वांना आवडले.

महिन्याभराने ती काकांच्या दुकानात गेली. त्यांनी यंत्र परत केले नव्हते.

"सूर येतात ना कानावर?"

"येतात की! सगळंच येतं." काकांनी पेटीवरची धूळ फुंकली. "बेकरीत पाठीमागे काय बोलतात, तेही येतं."

"काय बोलतात?"

"'म्हाताऱ्यानं कुणाचा वशिला लावला असेल?'"

नोएमीला खूप वाईट वाटले. रोसारियोची माणसेच तसली, असे म्हणून आपण हे सोडून देऊ शकतो. मात्र आपल्या शेजाऱ्याचे सरकारी काम मागे पहिल्याच खेपेला झाले, तेव्हा आपण त्याचे आधी अभिनंदन केले होते की चौकशी, एवढे आठवले तर पाहावे.