बर्फाचे टायर आणि आईंची पूजा

परदेशातल्या आमच्या या अख्ख्या वेरिबी गावात कुठलीही वस्तू पुरता अभ्यास करून घेणारा माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे मी. साधा टोस्टर घ्यायला मला महिना लागला होता. महिनाभर सगळ्यांनी तव्यावर पाव भाजून खाल्ला, पण आलेला टोस्टर आजतागायत बिघडलेला नाही. माझी बायको मैथिली ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. कौतुकाने सांगत नाही, पण सांगते.

तर त्या वर्षी गोष्ट टायरची होती. माझ्या सासूबाई तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याहून आल्या आणि कोरोनाने सीमा बंद केल्या. दीड वर्ष त्या इथेच अडकल्या. नियमाप्रमाणे कधी घरापासून पाच किलोमीटरच्या आत, कधी कुंपणाच्या आत. शेवटी जुलैअखेरचं परतीचं तिकीट मिळालं. त्यांची इच्छा एकच होती.

"सलिलराव, एकदा बर्फ हातात घ्यायचाय. फ्रीजमधला नको, आभाळातून पडलेला."

इथे हिवाळा जून-जुलैत, आणि बर्फाचा डोंगर आमच्यापासून चार तासांवर. जूनमधला लॉकडाऊन नुकताच उठला होता आणि पुढचा कधीही लागेल हे शेंबडं पोरही सांगत होतं. मैथिली म्हणाली, "या शनिवारीच जाऊन येऊ."

"साध्या टायरवर? आईंना घेऊन?" मी म्हटलं. "विंटर टायर घेतो. बर्फावर पकड पाहिजे."

टायर आठवड्यात आले. इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण दुकानदाराने विचारलं, बॅलन्सिंग कुठलं करू?

चाक एका बाजूला जड असलं की गाडी वेगात थरथरते, म्हणून हलक्या बाजूला छोटी वजनं लावतात. एवढं मला माहीत होतं. पण त्यातही प्रकार निघाले. साधं मशीनवरचं. मग चाकावर रोलर दाबून, रस्त्यावर असल्यासारखं फिरवून करतात ते. शिवाय वजनं कडेला ठोकायची की आतून चिकटवायची?

"नॉर्मल विल डू, मेट," दुकानदार म्हणाला.

ज्याला विकायचं आहे तोच स्वस्तातलं घे म्हणतो, म्हणजे पाणी मुरतंय. मी विचार करून सांगतो म्हणालो आणि घरी आलो.

क्लेटनला राहणाऱ्या मित्राला, हृषिकेशला फोन केला. तो म्हणाला, "रोलरवालंच कर, नाहीतर पस्तावशील." हृषिकेशने स्वतःची गाडी पहिल्याच लॉकडाऊनमध्ये विकली होती, पण मतं ठेवली होती. मग मी व्हिडिओ बघितले. कॅनडातला एक माणूस चिकटवायची वजनं थंडीत सुटतात म्हणत होता, नॉर्वेतला एक नाही म्हणत होता. दोघांच्याही गाड्या बर्फात उभ्या होत्या. माझी पोर्चमध्ये होती.

शनिवार येत होते आणि जात होते. शाळेची सुट्टी संपत आली. आई रोज सकाळी टीव्हीवर पेशंटचे आकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे बघायच्या. मुलगी तनया एकदा म्हणाली, "बाबा, द स्नो विल मेल्ट."

शेवटी रोलरवालं, आतून चिकटवलेल्या वजनांचं बॅलन्सिंग करून घेतलं. गाडी घरी आणली तेव्हा मी इतका दमलो होतो की टायर मीच फिरवून आणल्यासारखं वाटत होतं. आईंनी चाकांना हळदकुंकू लावलं, लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी आत जाऊन झोपलो.

रविवारी निघालो. वेरिबीत सगळं छान होतं. हायवेवर नव्वदच्या पुढे गेलो आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. शंभरला माझे दात वाजायला लागले.

"बर्फाचे टायर असेच असतात का?" मागून आई म्हणाल्या. "कंबरेला बरं वाटतंय."

मी गाडी बाजूला घेतली आणि चाकांत डोकावलो. आतलं एकही वजन जागेवर नव्हतं. चारही चाकं लखलखत होती.

"आई, इथे आत काही चिकटवलेलं होतं..."

"ते होय? कुणीतरी च्युइंगम लावल्यासारखं दिसत होतं. पूजेच्या चाकाला घाण कशी ठेवायची? उलथन्याने खरवडून काढलं सगळं."

"फेकलंत?"

"फेकीन कशाला? चांगलं जड होतं. हीटरच्या वाऱ्याने देवाचं आसन सारखं उडतं, त्याच्या कोपऱ्यांना चिकटवलंय."

मैथिली पोट धरून हसत होती. मला रडू येत होतं. महिनाभराच्या अभ्यासावर माझे देव स्थिर झाले होते. पण परत फिरलो असतो तर आईंचा बर्फ राहिला असता, म्हणून डाव्या लेनमधून सत्तरने निघालो. गाडीमागे कॅराव्हॅनचं अख्खं घर ओढणारे म्हातारेसुद्धा हात करून पुढे जात होते.

डोंगराच्या पायथ्याशी फाटकावर एका बाईने थांबवलं. "चेन्स?"

"विंटर टायर आहेत," मी छाती काढून म्हणालो. "नवे."

"गुड ऑन यू. चेन्स?"

चाकांना बांधायच्या साखळ्या गाडीत असल्याशिवाय वर सोडत नाहीत, टायर कुठलेही असोत. ही गोष्ट फाटकावरच्या पाटीवर माझ्या उंचीच्या अक्षरांत लिहिलेली होती. भाड्याने मिळायच्या, पण आमच्या मापाच्या संपलेल्या होत्या. मी बॉनेटला टेकून उभा राहिलो. आईंचा चेहरा इतका लहान झाला की मला त्यांच्याकडे बघवेना.

"देअर्ज अ बस," ती बाई म्हणाली. "एव्हरी हाफ आवर."

गाडी तिथेच लावून आम्ही मास्क चढवले आणि बसने वर गेलो. बस कुठे थरथरली नाही. वर उतरल्याबरोबर आई वाकल्या, ओंजळभर बर्फ उचलला आणि किती तरी वेळ तसाच धरून ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

मग ओंजळीतून पाणी ठिबकायला लागलं तशा त्या शांतपणे म्हणाल्या, "सलिलराव, बसनेच यायचं होतं, तर महिनाभर थांबलो कशाला?"

मी मास्क जरा आणखी वर ओढला. दीड वर्षात मला त्याचा इतका उपयोग कधी झाला नव्हता.