वैरागडेकाका दुकानं तपासतात

वैरागडेकाका दुकानांना मार्क देतात. शंभरपैकी, पन्नास भावाचे, पन्नास वागणुकीचे. कॅनडातल्या या मिल्टन गावातलं एकही दुकान अजून साठाच्या पुढे गेलेलं नाही. मी ज्या ग्रोसरीत कॅशवर उभी असते तिला चौपन्न आहेत. मी नववीतून शाळा सोडलेली, त्यामुळे मला चौपन्न पुष्कळ वाटतात.

काका मूळचे नागपूरचे. सत्तरी ओलांडलेली, काकू जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा कॅल्गरीला. सकाळी दहाला टोपी कानावर ओढून निघतात आणि एका फ्लॉवरसाठी तीन दुकानं पालथी घालतात.

"काका, गाडीचा गॅस धरला का यात?" मी एकदा विचारलं. इकडे पेट्रोलला गॅस म्हणतात.

"गॅसचा काय संबंध? फ्लॉवरची बरोबरी फ्लॉवरशी."

वागणुकीचे मार्क तर फारच कडक. "तिकडे वांगे एक नंबर. पण ती बाई हाऊ आर यू विचारते अन् उत्तर ऐकाले थांबत नाही. मंग विचारते कायले? वीस मार्क कट."

पहिल्या आठवड्यात कॅशच्या मशीनवर मारायचा प्रत्येक नंबर मी शोधत बसायचे. भाज्यांचे नंबर पाठ नव्हते. एकदा कोथिंबिरीसारखी दिसणारी पार्सली कोथिंबीर म्हणून मारली, तर काकांनीच पकडलं. "वास घे पोरी. याची चटणी केली तर नवरा इंडियात परत जाईन." दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळे नंबर मराठीत लिहून आणले आणि माझ्या ब्रेकमध्ये बाहेरच्या बाकावर परीक्षा घेतली. केळी? चार हजार अकरा. अद्रक? मी कागदात डोकावायला गेले. "अद्रक विसरली तर चहा कशाचा पिशील?" शाळा सुटल्यापासून मला असं समोर बसवून कोणी काही शिकवलं नव्हतं.

आणि याच काकांपायी माझी नोकरी जायची वेळ आली.

आमच्याकडे प्राइस मॅच आहे. दुसऱ्या दुकानाच्या फ्लायरमध्ये, म्हणजे आठवड्याच्या जाहिरातीत, तीच वस्तू स्वस्त दाखवली, की आम्हीही त्या भावात देतो. काका अकरा वस्तू आणणार आणि फोनवर अकरा फ्लायर काढणार, प्रत्येक चित्र बोटांनी मोठं करून. मागे लाइन दारापर्यंत. बाकीच्या मुली त्यांना पाहताच आपल्या काउंटरचा दिवा बंद करायच्या, म्हणजे काउंटर बंद. माझ्याच्यानं ते होईना. शेवटी मॅनेजरबाई म्हणाल्या, तुझी लाइन फार स्लो आहे, प्रोबेशनचा महिना उरलाय, सुधारलं नाही तर ठेवता येणार नाही. नवरा कॉलेजात, आम्ही राहतो त्या बेसमेंटचं भाडं माझ्या पगारावर.

दुसऱ्या दिवशी काकांनी सामान पट्ट्यावर मांडलं तेव्हा मी एका दमात बोलून टाकलं, "काका, उद्यापासून दुसऱ्या लाइनला जाल का? मला काढतील हो."

काकांनी फोन खिशात ठेवला. "बराबर आहे. हे मीच पाहाले पाहिजे होतं."

चार दिवस ते आलेच नाहीत. माझी लाइन भराभर सरकत होती, मॅनेजरबाई खूश होत्या, आणि मी मात्र दार उघडलं की मान वळवत होते.

पाचव्या दिवशी आले. सगळं सामान परत-बदलीच्या सर्व्हिस डेस्कवर प्राइस मॅच करून घेतलं, पैसेही तिथेच भरले आणि मग एक लिंबू घेऊन माझ्या लाइनीत उभे राहिले. कार्ड हातात तयार.

"काका, समोरच्या दुकानात डॉलरला तीन आहेत. फ्लायर दाखवा, देते करून."

"राहू दे. मागे माणसं आहेत. मार पूर्ण भाव."

काकांनी पूर्ण भाव दिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मग रोजच. एक लिंबू, पूर्ण भाव, दोन वाक्यं बोलायची आणि निघायचं.

महिनाअखेर मला कायम केलं. मी ते काकांना आधी सांगितलं, नवऱ्याला नंतर. म्हटलं, "आता बिनधास्त अकरा वस्तू आणा. आणि एवढ्या लिंबांचं करता तरी काय?"

"काही नाही," काका कार्ड पाकिटात सरकवत म्हणाले. "फ्रिजमध्ये नुसते पडले आहेत. पण लाइनीत उभं राहाले हातात काहीतरी लागते ना."