सप्रेबाबूंची ई-वाली स्टेशनरी

बोललेल्या शब्दातली स्पेलिंगची चूक ऐकू येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

झाशीच्या रेल्वे ऑफिसात मी नवा हजर झालो त्या दिवशी मला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, डोक्यावर एक डुगडुगता पंखा मिळाला. लिहायला मात्र काही मिळालं नाही. कुणीतरी म्हणालं, "सप्रेबाबू के पास जाओ." व्हरांड्याच्या टोकाला जाळीची खिडकी होती. जाळीमागे काळी टोपी घातलेले एक सडसडीत गृहस्थ पेन्सिलींचा गठ्ठा टेबलावर ठोकून सगळ्यांची टोकं एका उंचीत आणत होते. मराठी आडनाव ऐकून मला धीर आला होता. मी म्हणालो, "नमस्कार. मी मोहिते, साताऱ्याकडचा. मला थोडी स्टेशनरी हवी होती."

त्यांनी मान वर केली. "कोणती?"

"स्टेशनरी. कागद, पेन्सिल..."

"ते समजलं जी. पण आपण ए-ने बोललात."

मला वाटलं, इकडची मराठी वेगळी असेल.

"पुन्हा बोला. ई-ने."

मी पुन्हा 'स्टेशनरी' म्हणालो. सप्रेबाबूंनी डोळे मिटून ऐकलं. "थोडा ए राहिला अजून," ते म्हणाले, "पण पहिला दिवस आहे," आणि जाळीखालून दोन पेन्सिली सरकवल्या.

भानगड अशी, की इंग्रजीत हे दोन शब्द आहेत. उच्चार एकच. शेवटच्या आर-वायच्या आधी ई असेल तर अर्थ कागद, शाई, टाचण्या वगैरे. तिथे ए असेल तर अर्थ होतो जागच्या जागी उभं असलेलं. जगातल्या बहुतेक माणसांना हा फरक माहीत नसतो आणि त्यांचं काही अडत नाही. सप्रेबाबूंचं अडायचं. आणि अख्ख्या ऑफिसचा कागद त्यांच्या ताब्यात असल्यामुळे पाठोपाठ आमचंही अडायचं. मागणीच्या फॉर्मवर ए दिसला की तो फॉर्म लाल पेन्सिलीने गोल काढून परत येई. कुणी हुज्जत घातलीच तर ते शांतपणे विचारत, "आपण जी वस्तू मागता आहात ती उभी आहे. मी पाठवू कशी?"

लक्षात ठेवायला त्यांनी एक सूत्रही केलं होतं. "ए से अचल, ई से इरेझर." त्यातलं निम्मं हिंदी आणि निम्मं इंग्रजी का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "झाशीत बसून केलंय ना."

रेल्वेच्या गावात या शब्दाला आणखी एक दुखणं होतं. स्टेशनवर लागते ती स्टेशनरी, अशी निम्म्या लोकांची पक्की समजूत होती. आमचे एक वयस्कर खलाशी, म्हणजे रेल्वेतले हरकामे, सुरई, कंदील आणि हिरवी झेंडी या तिन्हींना स्टेशनरी म्हणत. सप्रेबाबूंनी त्यांच्यावर बरीच मेहनत घेतली. शेवटी ते सुरईला ई-वाली आणि कंदिलाला ए-वाली म्हणू लागले, तेव्हा सप्रेबाबूंनी त्यांचा नाद सोडला.

हट्टापायी माणूस कधी खराही ठरतो. एकदा एका नव्या साहेबांनी वर्षभराच्या सामानाची मागणी स्वतः लिहिली, ए-ने. सप्रेबाबूंनी ती परत केली. साहेब चिडले. "जशी आहे तशी पाठवा," म्हणाले. सप्रेबाबूंनी जशी होती तशी पाठवली. चार महिन्यांनी एका उघड्या डब्यातून आमच्या नावे एक इंजिन आलं. रुळांवर धावणारं नव्हे. एका जागी बसवून पंप चालवायचं. त्याला इंग्रजीत खरोखरच ए-वालं स्टेशनरी इंजिन म्हणतात. सोबत चिठ्ठी होती: एकच शिल्लक होतं, तूर्त यावर भागवावे. ते परत घ्यायला कुणी तयार होईना, कारण मागणीवर सही होती. शेवटी ते ऑफिसच्या मागे कडुनिंबाखाली उतरवलं. सप्रेबाबूंनी दोऱ्याने त्याला एक पुठ्ठा बांधला. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'नमुना'. पुढे नवा कारकून आला की ते त्याला हाताला धरून तिथे न्यायचे आणि काही न बोलता परत आणायचे.

सप्रे घराणं झाशीतलं जुनं. पाच-सहा पिढ्या इथेच गेल्या. त्यामुळे त्यांची मराठी जुन्या वळणाची, पण हिंदीत भिजलेली. 'परेशान होऊ नका' म्हणायचे, 'गलत आहे' म्हणायचे, सगळ्यांना जी लावायचे. लग्न केलेलं नव्हतं. राहायचे लक्ष्मी गेटपाशी. घरी कोण असतं, हे माझ्या तिथल्या चार वर्षांत कुणाला कळलं नव्हतं. ते कुणाला घरी बोलवत नसत.

ऑफिसबाहेर त्यांचं युद्ध चाले ते मानिक चौकात. तिथे हरदयालजींचं वह्या-पुस्तकांचं मोठं दुकान होतं आणि दुकानावर हातभर उंचीची इंग्रजी पाटी. पाटीत ए. दर रविवारी सकाळी सप्रेबाबू दुकानासमोर उभे राहत. दोन-तीनदा मीही बरोबर होतो.

"हरदयालजी, बोर्ड गलत है."

"काय बाबूजी, फिर आ गए? बीस साल से यही बोर्ड चल रहो है."

"चल नहीं रहा है. खड़ा है. आपने खुद लिखा है."

हरदयालजींना यातला विनोद कळत नसे. सप्रेबाबूंना त्यात विनोद आहे हे माहीत नसे. मग दोघे चहा घेत आणि पुढचा रविवार ठरे.

पुढे पुढे मात्र ते रविवारी मानिक चौकात जाईनासे झाले. मी विचारलं तर म्हणाले, "पाय दुखतात." थंडी होती, मला खरं वाटलं.

मार्चमध्ये एका दुपारी मी बँकेच्या कामाने तिकडे गेलो होतो. बघतो तर हरदयालजींच्या दुकानाला शिडी लावलेली, वर पेंटर, आणि पाटीचा अर्धा भाग पांढरा केलेला. हरदयालजींनी मला खालूनच हाक मारली. "मोहितेजी, अपने बाबूजी को बता दीजो. लड़की को ब्याह है, दुकान रँगवा रहे. सोची, उनको ई भी लगवा दें. बेचारे कितने साल से कह रहे."

मी सायकल हाणत ऑफिसात आलो. कुणाच्या आयुष्यातली एवढी आनंदाची बातमी माझ्या हाती प्रथमच आली होती. जाळीशी जाऊन मी म्हणालो, "सप्रेबाबू, जिंकलात! हरदयालजी पाटी बदलतायत. ई घालतायत."

सप्रेबाबूंच्या हातातल्या टाचण्या सांडल्या.

"ए पुसला का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. पेंटर सुरुवातीच्या अक्षरांवर होता."

त्यांनी जाळी बंद केली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कामाच्या वेळात जाळी बंद केली नव्हती, असं नंतर सगळे सांगत होते. मला म्हणाले, "सायकल आहे ना? चला." मागच्या कॅरिअरवर बसून, टोपी एका हाताने धरून, ते सारखे म्हणत होते, "जरा जल्दी, मोहितेजी. जरा जल्दी."

पेंटर ए-पर्यंत पोचला होता. सप्रेबाबू सायकल थांबायच्या आत उतरले, धडपडले आणि शिडी धरून ओरडले, "रुको भैया! रहने दो! वही रहने दो!"

पेंटर घाबरून जागच्या जागी थांबला. हरदयालजी बाहेर आले. "काय बाबूजी, अब का हो गओ?"

"बोर्ड जैसा था वैसा ही लिखवाइए."

"पर आप ही तो..."

"मैं गलत था." सप्रेबाबूंनी हात जोडले. भर बाजारात, टोपी वाकडी झालेली. "मेहरबानी कीजिए. ए ही रखिए."

हरदयालजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पेंटरला खूण केली. पेंटरने ए पुन्हा गडद केला. तो होईपर्यंत सप्रेबाबू तिथून हलले नाहीत. मग रुमालाने मान पुसली आणि म्हणाले, "घर जवळ आहे. पाणी घेऊन जा."

चार वर्षांत पहिल्यांदा.

लक्ष्मी गेटच्या आत, एका अरुंद बोळात दोन खोल्यांचं घर. रस्त्याकडच्या खिडकीत फळी टाकून तिच्यावर वह्या, दौती, खोडरबरं मांडलेली. फळीमागे एक वृद्ध बाई बसल्या होत्या, पांढरं लुगडं, जाड भिंगांचा चष्मा. आणि खिडकीवर खोक्याच्या फळकुटाची पाटी. इंग्रजी अक्षरं सुरुवातीला मोठी, मग जागा संपत आल्यावर दाटीवाटीची. शेवटून तिसरं अक्षर ए.

मी सप्रेबाबूंकडे पाहिलं. ते चप्पल काढत होते.

"अक्का, हे मोहितेजी. आमच्या ऑफिसातले."

अक्का हसल्या. "या, या. वामनने कधी कुणाला आणलंच नाही हो. मला वाटायचं, माझीच लाज वाटते."

अक्का त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या. सागर गावी दिलेल्या. नवरा लवकर गेला, मग तीस वर्षं सासरच्यांच्या चुलीपुढे काढली, आणि हात थरथरायला लागल्यावर त्या लोकांनी इथे आणून सोडलं. हे सगळं मला त्यांनी पाणी देता देता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मग त्यांचा आवाज बदलला.

"ही पाटी मी केलीय बरं का. एकटीने. वामनच्या फॉर्मांच्या पाठीवर इंग्रजी अक्षरं गिरवायला शिकले. हा शब्द तेवढा येईना. वामनला विचारलं असतं, पण मला त्याला चकित करायचं होतं. म्हणून एकटी मानिक चौकात गेले. इथे आल्यापासून पहिल्यांदा उंबरा ओलांडला. त्या मोठ्या दुकानासमोर उभी राहिले आणि अक्षर न् अक्षर उतरवून आणलं. लोक बघत होते. बघू देत."

"छान झालीय," मी म्हणालो.

"वामनसुद्धा हेच म्हणाला. बराच वेळ बघत होता." त्या थांबल्या. "पण अरे वामन, एक विचारायचं राहिलंच. परवा शाळेतल्या बाई शाई न्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, इथे ए नाही, ई हवी. मी म्हटलं, माझा भाऊ रेल्वेत हेच काम बघतो, त्याला विचारून सांगते. उद्या येणारेत त्या. मी काय सांगू? चुकलंय का रे?"

बोळातून एक हातगाडी गेली.

सप्रेबाबू खिडकीपाशी गेले. मान वर करून त्यांनी पाटी वाचली, जणू पहिल्यांदाच.

"नाही अक्का," ते म्हणाले. "दोन्ही चालतं."

"खरंच?"

"हो. पूर्वी फरक करत असत. आता नाही करत कुणी. मोहितेजींना विचार. ते साताऱ्याचे आहेत, तिकडे शिक्षण चांगलं असतं."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. माझे अकरा फॉर्म लाल गोलासकट या माणसाने परत पाठवले होते.

"दोन्ही चालतं," मी म्हणालो. "मानिक चौकातही हेच आहे की."

"तेच मी म्हटलं त्या बाईंना!" अक्का म्हणाल्या आणि उठून चहा टाकायला आत गेल्या. आतून त्यांचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं.

सप्रेबाबू फळीवरची खोडरबरं उगीच सरळ करत राहिले. मग माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "चहात आलं चालेल ना आपल्याला? तिला खूप घालायची सवय आहे. मी काही सांगत नाही."