नापास व्हायची शिकवणी

यशवंतपूरच्या आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर वेळेवर आला नाही, की लोक टँकरवाल्याला शिव्या घालतात. अण्णा त्याचं रसग्रहण करतात. रिकामी बादली हातात धरून ते मला विचारतात, "स्वल्प थांबा, आलोच म्हणाला. सकाळ गेली. ही अतिशयोक्तीच ना रे?"

अण्णा माझे घरमालक. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं, त्यामुळे घरात मराठी, पण कानडीत भिजलेली. सारी नोकरी कारखान्यात लेथ मशीनवर गेली. आणि सत्तरीला टेकल्यावर त्यांनी साहित्याचं शास्त्र शिकायला घेतलं. तेही माझ्याकडे.

मी मराठीचा बी.ए. आमच्या घरात पदवी घेणारा पहिलाच. मंगळवेढ्याला ज्या सरांनी मला रस आणि अलंकार शिकवले, त्यांनी शिकवणीच्या पैशांचं कधी नावही काढलं नाही. हल्ली मी इंदिरानगरच्या एका ऑफिसात मोबाइलवर दिसणारी मराठी वाक्यं तपासतो. तिथे अलंकारांना कोणी विचारत नाही. म्हणून अण्णा शिकायला आले, तेव्हा मला सरांचं ऋण थोडं फेडता येईल असं वाटलं.

संध्याकाळी आम्ही जिन्यात बसायचो. विद्यार्थी म्हणून अण्णा माझ्याहून एक पायरी खाली. लेखक वेगळा आणि गोष्ट सांगणारा निवेदक वेगळा, हे मी समजावलं, तर म्हणाले, "म्हणजे गाडीचा ओनर वेगळा, ड्रायव्हर वेगळा. सरी, कळलं." इतकं चटकन मलाही कॉलेजात कळलं नव्हतं.

पण खाली घरात गेले, की थोड्याच वेळात त्यांचा आवाज यायचा, "टीचर, लेखक आणि निवेदक एकच असतात बघा."

मी वर कपाळावर हात मारून घ्यायचो.

टीचर म्हणजे अक्का, त्यांची बायको. त्यांनी इथल्याच एका शाळेत जन्मभर मराठी शिकवलं. सगळी गल्ली त्यांना टीचर म्हणते, म्हणून अण्णाही. अक्कांचा आवाज खणखणीत यायचा, "चूक. नापास." मग त्या बराच वेळ उदाहरणं देऊन समजावत राहायच्या.

हे रोजचंच झालं. करुण रस शिकवला, तर अण्णांनी खाली जाऊन सांगितलं की नायक मेला की हास्यरस होतो. मला वाईट वाटायचं. सरांकडून घेतलं ते मला पुढे देताच येत नाही, असं वाटून मी सोपी उदाहरणं शोधू लागलो. शेवटी एकदा म्हणालो, "अण्णा, वर सगळं बरोबर सांगता आणि खाली चुकता. झेपत नसेल तर थांबवू या."

अण्णा जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "ती मला आता ओळखत नाही रे. कधी दूधवाला समजते, कधी भाडेकरू. दिवसभर गप्प असते. पण कोणी चुकलं, की बोलते. अगदी पहिल्यासारखी."

"मग माझ्याकडे कशाला शिकता?"

"नक्की चुकायचं तर बरोबर काय ते कळायला नको? एकदा अंदाजानं बोललो, ते बरोबर निघालं. तिनं नुसती मान हलवली. तो दिवस फुकट गेला."

त्यानंतर आमची शिकवणी खरी सुरू झाली. चुका आम्ही दोघं मिळून निवडायचो. एखादी अण्णांना पसंत पडायची नाही. "फार बारीक आहे, टीचरला राग यायचा नाही," म्हणायचे. कथानक आणि पात्र यांची गल्लत चांगली चालायची, तिच्यावर अक्का जेवणाची वेळ होईपर्यंत बोलायच्या.

उन्हाळा सरता सरता त्यांचं समजावणं आखूड होत गेलं. मग उदाहरणं गेली. मग नुसतं "चूक" उरलं.

एका संध्याकाळी अण्णा मला सोबत खाली घेऊन गेले. अक्का खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. अण्णांनी त्यांची वेणी घातली होती, जराशी वाकडी. ते समोर हात बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "टीचर, लेखक आणि निवेदक एकच असतात."

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग त्या मायेनं हसल्या.

"बरोबर," म्हणाल्या. "शाबास."

"टीचर, नीट बघा. चुकलंय माझं."

"नाही रे बाळ. बरोबर आहे. बस खाली."

अण्णा त्यांच्या पायापाशी फरशीवर मांडी घालून बसले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तू जा वर. वर्ग सुटेपर्यंत मी बसतो इथं."