लाल सोंगट्यांची जागा

मोबाईलवर लुडो खेळताना समोरच्या अनोळखी माणसाला त्याच्या आईचं माहेर विचारणारी बाई जगात एकच असावी, आणि ती माझ्या पेंडीच्या दुकानासमोर राहते.

लुडो म्हणजे चौघांचा पट. लाल, हिरवा, पिवळा, निळा. कोण कुठं बसून खेळतंय ते दिसत नाही, नुसतं टोपणनाव दिसतं आणि माईक चालू असेल तर आवाज ऐकू येतो. त्या माईकवर लोक एकमेकांना शिव्या देतात. यमुनाआत्या चौकशा करते.

एकदा 'डेंजर बॉय' नावाचा कुणीतरी तिच्या पटावर येऊन बसला आणि आल्या आल्या त्यानं एक कचकचीत शिवी हासडली. आत्या जागची हलली नाही. म्हणाली, "कुणाचा रं तू?" तो सावरायच्या आत पुढचं, "गाव कोणतं? निलंगा? मंग आईचं माहेर कुठलं?" तिच्या पुढं पोलिसांची चौकशी काहीच नाही. हा डेंजर बॉय दोन लेकरांचा बाप निघाला, ट्रॅक्टरच्या शोरूमला कामाला होता आणि त्याची आई निघाली आमच्या शेजारच्या सास्तूरची. "म्हंजी म्या तुझी मावशी लागले की रं. मावशीला शिव्या देतू व्हय?" तेव्हापासून हा गडी 'मावशी, राम राम' म्हटल्याशिवाय फासा टाकत नाही.

आमचं गाव माकणी-सास्तूरच्या पट्ट्यातलं. यमुनाआत्या इथलीच लेक. नवरा लवकर गेला, ती माहेरी आली आणि अख्ख्या गावाची आत्या झाली. आता सत्तरीला टेकलीय. दुपारी भांडी आवरली की ओट्यावर ज्वारीचा डबा, डब्याला टेकवलेला मोबाईल आणि समोर आत्या. आवाज असा की मोबाईल नसता तरी चाललं असतं. तिचा मुलगा पुण्याहून फोन करतो, "आई, लोक हसतात, या वयात गेम कसले खेळतेस?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं, "हसू दे की. दात त्यांचेच दिसत्यात."

तिच्या पटाचा एक कायदा आहे. सोंगटी कापली की सगळं जग 'मेली' म्हणतं. इथं तो शब्द चालत नाही. 'घरी गेली' म्हणायचं. माकणीला दिलेली सुमन, आत्याची जुनी शेजारीण, एकदा चुकून 'मेली' म्हणाली, तर आत्यानं तिला एक पाळी गप्प बसवलं. मी दुकानातून ओरडलो, "आत्या, खेळात तसंच म्हणत्यात." ती म्हणाली, "म्हणत असतील. त्यांच्या गावात भूकंप झाला नसंल." मी पुन्हा पेंड मोजायला लागलो.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमचं गाव नव्या जागी बसलं. ज्याची जशी जमीन तसा प्लॉट, त्यामुळं जुन्या गल्लीतली माणसं नव्या गावाच्या चार टोकांना फेकली गेली. काही तर गावच सोडून गेली. त्यांतला एक गफूरभाई शिंपी. आता सोलापुरात दुकान आहे त्याचं. आत्याच्या पटावर डेंजर, सुमन आणि हा गफूरभाई असे पक्के गडी. गफूरभाई नेहमी लाल. खेळ अगदी वाईट. फासा टाकायच्या आधी इतका विचार करायचा, जणू कुणाच्या शेरवानीचं कापड कापायचंय.

या मोबाईलनं विखुरलेलं गाव परत एका जागी आणलं, हे मी मान्य करतो. गावाचा एक ग्रुप आहे, त्यात दुबईपासून कळंबपर्यंत पांगलेले सगळे आहेत. पण गाव आलं की गावातली घाणही आली. ग्रुपचा मालक बापू. वाढदिवसाला स्वतःच स्वतःचे फ्लेक्स लावणारा. त्यानं एक दिवस कुठूनतरी आलेला मजकूर पुढं ढकलला: अमक्या लोकांकडून कपडे शिवून घेऊ नका, तमक्यांकडून भाजी घेऊ नका. खाली दोघांनी हात जोडले, एकानं गुलाबाचं फूल टाकलं. मग एक बारीक ओळ उमटली, 'गफूर बाहेर पडले'. त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. त्या दुपारी लाल सोंगट्यांवर कुणी आलं नाही.

आत्याला टाइप करता येत नाही. ती आवाज भरून पाठवते, तोही जुन्या ट्रंककॉलसारखा. सुमननं तिला तो मजकूर फोनवर वाचून दाखवला आणि तासाभरात ग्रुपवर आत्या अवतरली.

"हॅलो. म्या यमुना बोलते. बापू, आपण पत्र्याच्या शेडात ऱ्हात हुतो तवा तुझ्या ढुंगणाला चड्डी न्हवती. मदतीच्या गाडीतनं पडदे आले हुते, फुलाफुलाचे. गफूरनं त्याची चड्डी शिवली तुला. दोन वर्सं घातलीस. त्यानं इचारलं न्हवतं तू कुणाचा म्हणून. म्या बी सगळ्यास्नी इचारते, पण नातं लावाया इचारते. तू तोडाया इचारतूस. फोन ठिवते."

बापूनं लगेच आत्याला ग्रुपमधून काढलं. पण तोवर आवाज घराघरांत वाजून झाला होता आणि बापूला माघारी सगळे 'पडदा' म्हणायला लागले होते. चार दिवसांनी त्यानं माणूस पाठवला: माफी मागा, परत घेतो. आत्या ओट्यावरून उठलीसुद्धा नाही. "ग्रुपातनं काढलं, गावातनं काढून दाव म्हणावं. आन् माफी गफूरला माग म्हणावं, मला नगं." माणूस आल्या पावली गेला. मला वाटलं होतं आत्या थोडी तरी नमेल. कसली नमतेय.

पण खरी अडचण पटावर होती. चौथं माणूस नसलं की त्याच्या जागी मशीन खेळतं, डोळ्याची पापणी लवायच्या आत फासा टाकून मोकळं. आणि त्या मशीनच्या लाल सोंगट्यांना आत्या हातच लावेना. समोर आयती आली तरी कापेना. साहजिकच रोज मशीन जिंकायचं. डेंजर वैतागला, "मावशी, माझा एक दोस्त हाय, त्याला घेऊ का?" आत्या म्हणाली, "मशीन जिंकू दे जन्मभर. तिथं दुसरं कुणी बसायचं न्हाय."

मग मीच आगाऊपणा केला. ओट्यावर जाऊन म्हणालो, "आत्या, मी बसू का लालवर?"

तिनं डब्याला टेकवलेला मोबाईल उपडा ठेवला. मग म्हणाली, "दत्ता, ती शहनाजची जागा हाय. गफूरची बायकू. जुन्या गल्लीत आमी बाया ओट्यावर पट आखून खेळायचो. फाशाला चिंचोके आन् सोंगट्यांना बांगड्यांचे तुकडे. तिचे लाल. भूकंपाच्या आदल्या सांजंला खेळ आर्ध्यात सोडून उठलो. म्हणली, यमे, सकाळी तुझी एक बी सोडत न्हाय. तिची पाळी हुती." पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "सकाळ कुठं झाली रं. तिची पाळी गफूर खेळतूय. त्याला खेळ येत न्हाय, तरीबी येऊन बसतूय."

तिनं गफूरला किती फोन केले, त्यानं एकही उचलला नाही. शेवटी माझ्यासमोरच तिनं आवाज भरला. "हॅलो. म्या यमुना बोलते. गफूर, गावाशी बोलू नगंस. चूक गावाची हाय. माझ्याशी बी बोलू नगंस. पण शहनाजची पाळी तू मशीनला दिलीस. तेवढं बग."

दुसऱ्या दुपारी मी आत्याशेजारी ओट्यावर होतो. पिवळी झाली, निळी झाली, लालची पाळी आली आणि खेळ थांबला. फासा पडेना. "नेट गेलं का?" डेंजरनं विचारलं. "गप ऱ्हा," आत्या म्हणाली. मोबाईलमधून शिलाई मशीनची खडखड ऐकू येत होती. मग तीही थांबली. लाल फासा फिरला. दोन पडले. गफूरभाईनं चुकीची सोंगटी सरकवली.

"आक्का," तो म्हणाला, "तिची पाळी झाली. आता तुमची हाय."

आत्या डब्यावर वाकली होती. बोट उचललेलं, पण फाशावर टेकत नव्हतं.

"थांब रं जरा," ती म्हणाली, "दिसंना झालंय मला."